समाजीमधला देव

मंडळी, शालोम आणि नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या मुलांच्या मराठी वर्गात मुंबईच्या शाआर हारहमीमची, म्हणजे आपल्या बेने इस्राएल ज्यूंच्या जुन्या मशिदीची (सिनेगॉगला आपण मशीदच म्हणतो), माहिती चालली होती. १७९६ साली ती बांधणारे समाजी हसाजी दिवेकर. बाईंनी फळ्यावर शेजारी त्यांचं हिब्रू नाव लिहिलं: शमुएल बेन यहेज्केल, म्हणजे यहेज्केलचा मुलगा शमुएल. आठ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "मग समाजीमधला देव कुठे गेला?"

पोरीनं नेमकं धरलं. शमुएल, यहेज्केल, दोन्हींच्या शेवटी 'एल' आहे; एल म्हणजे देव. यहेज्केल म्हणजे 'देव बळ देतो'. कोकणात तो एल गळला आणि जागेवर 'जी' आला.

आपण मात्र मुलांची नावं ठेवताना मोबाइलवरची यादी बघतो आणि समोर छापलेला अर्थ खरा धरतो. असं करू नका हो. नाव आधी हिब्रू अक्षरांत लिहा. पुढे-मागे एल किंवा याहू (यहो), म्हणजे देवाचं नाव, दिसतो का बघा, तो बाजूला काढा. उरलेल्यात बहुधा तीन अक्षरांचा धातू सापडतो. नतनएल, एलनातान, यहोनातान, नतन्याहू: सगळीकडे 'नातान', दिलं. सगळे आपले देवदत्तच!

देवनागरीत इथेच फसगत होते. दानिएल, याएल, राहेल कानाला सारखे. पण देवाचा एल अलेफ-लामेद या हिब्रू अक्षरांचा, आणि तो फक्त दानिएलमध्ये आहे. याएलमध्ये लामेदच्या आधी आयिन आहे, ती डोंगरातली रानशेळी. राहेलमध्ये हेत, ती मेंढी. तसंच यित्झाकमधला 'य' देवाचा नव्हे, क्रियापदाचा: 'तो हसतो'. त्याचा बाप अब्राहाम हसला, आई सारा हसली, त्यावरून.

आणि शमुएल? बायबलमध्ये त्याची आई हन्ना म्हणते, मी याला देवाकडे मागून घेतला. पण मागणं म्हणजे शिन-अलेफ-लामेद. 'मागितलेला' हा अर्थ सरळ बसतो तो शाऊल या नावाला. शमुएलमध्ये मधे मेम उरतो. म्हणून अभ्यासक 'देवाचं नाव' किंवा 'त्याचं नाव देव' असा अर्थ लावतात. हन्नाचं बोलणं खोटं ठरत नाही; ती आई आहे, नावात तिला आपलं मागणं ऐकू येतं. व्याकरण वेगळं, आईचा कान वेगळा. मुलांना दोन्ही सांगा.

त्या मुलीला सांगायला हवं, की देव कुठे गेला नव्हता. घरात, गावात समाजी. पण मशिदीत तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, वाचायला बोलावताना हिब्रू नाव पुकारायचं, शमुएल बेन यहेज्केल. एका माणसाला दोन्ही नावं पुरत होती.

आता इथे आपल्या घरांत शमुएल आहेत, यहेज्केल आहेत. एल परत आलाय. येत्या मलिद्याला, आपल्या त्या नैवेद्याच्या विधीला, आजी-आजोबांजवळ बसा, त्यांच्या आजोबांना काय हाक मारायचे ते विचारा आणि वहीत दोन्ही लिप्यांत उतरवून घ्या. हसाजी, मूसाजी अशा हाका कानानं ऐकलेली माणसं आपल्यात अजून किती आहेत?