पाट्या चार, भटारखाना एक

हात वर करा बरं, नेट बघायला ब्राउझर म्हणून क्रोम कोण कोण वापरतं? हं, जवळजवळ सगळेच. आता एज, ब्रेव्ह, ऑपेरा असे दुसरे ब्राउझरवाले म्हणतील आम्ही वेगळे, तर तसं काही नाहीये हो, पाट्या चार असल्या तरी आत भटारखाना एकच, क्रोमियम नावाचा गूगलचा खुला कोड. पान स्क्रीनवर मांडायचं काम करतं ते इंजिन सगळ्यांचं सेम, ब्लिंक. ऑपेरानं स्वतःचं इंजिन 2013 मध्येच सोडलं, मायक्रोसॉफ्टनं 2018 च्या डिसेंबरात हात टेकले. मोठी अशी उरली तीनच, ब्लिंक, ॲपलच्या सफारीतलं वेबकिट नि मोझिलाच्या फायरफॉक्समधलं गेको, आणि त्यातही ब्लिंक हे वेबकिटमधूनच फुटून निघालेलं, म्हणजे भाऊबंदच.

मग आपलं काय बिघडलं? तर हे सगळं एकदा भोगून झालंय. मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर 6 आला 2001 ला, त्याचा प्रतिस्पर्धी नेटस्केप तोवर आडवा झालेला, विचारणारं कोणी नाही, तर सातवी आवृत्ती कधी यावी? 2006 ला! तीही फायरफॉक्स 2004 मध्ये टॅब घेऊन आला आणि लोक तिकडे पळायला लागले म्हणून, असं माझं मत. आपल्याकडे तेव्हा बऱ्याच मराठी पेपरांच्या साइट आपापल्या फॉन्टवर चालायच्या, तो फॉन्ट पानाबरोबर यायचा पण फक्त एक्सप्लोररला कळेल अशा फॉरमॅटात, दुसरीकडे उघडलं की बातमीच्या जागी नुसती गिचमिड. मग युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत, आलं आणि सुटलो.

कोरियात तर कहर. दक्षिण कोरियानं 90 च्या दशकाच्या शेवटी स्वतःचं एन्क्रिप्शन (माहिती गुप्त करून पाठवायची पद्धत) काढलं, कारण अमेरिका तेव्हा तगडं एन्क्रिप्शन बाहेर जाऊ देत नव्हती, म्हणजे हेतू चांगलाच होता, पण ते बसवलं ॲक्टिव्हएक्सवर, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर, जे फक्त एक्सप्लोररमध्ये चालायचं. झालं! पुढची कितीतरी वर्षं बँकेचं काम असो की ऑनलाइन खरेदी, विंडोज आणि एक्सप्लोरर पाहिजेच, आणि समोर येईल त्याला 'यस' दाबायची सवय लागली ती वेगळीच, व्हायरसवाल्यांना अजून काय पाहिजे?

आता कुकीजचं बघा, म्हणजे साइट आपल्या ब्राउझरात ठेवून देतात त्या खुणेच्या चिठ्ठ्या. साइट-साइटवर आपला माग काढणाऱ्या कुकीज फायरफॉक्सनं 2019 ला आपणहून अडवायला घेतल्या, सफारीनं 2020 च्या मार्चात तिऱ्हाईत कुकीज (आपण उघडलेल्या साइटच्या नाही, दुसऱ्याच कुणाच्या) सरसकट बंद केल्या. क्रोम म्हणालं दोन वर्षांत करतो, मग पुढं ढकललं, परत ढकललं, आणि 2024 ला म्हणे राहू दे. नियामकांचे आक्षेप होते हे खरं, पण गूगलचं पोट जाहिरातीवर चालतं हेही खरंच ना. गेको नि वेबकिट ही दोन इंजिनं नसती तर असं काही करता येतं हे तरी आपल्याला कुठं कळलं असतं? (आणि गंमत म्हणजे मोझिलाची बहुतेक कमाई गूगलकडूनच येते, फायरफॉक्सात गूगल सर्च डीफॉल्ट ठेवायचे पैसे.)

परवा एक फॉर्म भरत होतो, नाव, पत्ता, फोटो, बास एवढंच, तर साइट म्हणते कृपया क्रोम वापरा. मी फायरफॉक्सला सेटिंगमधून क्रोमचं नाव सांगायला लावलं, फॉर्म गुपचूप भरला गेला.