मागे राहणाऱ्याचा हिशोब

(निवृत्तीच्या जवळ आलेले कर्मचारी आणि त्यांचे जोडीदार यांच्यापुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आज बरेच जण जोडीने आलेत, ते पाहून बरं वाटलं. जोडीनेच या, असं मी निमंत्रणात मुद्दाम लिहायला सांगितलं होतं. का, ते आधी सांगते.

बँकेतली माझी शेवटची बरीच वर्षं पेन्शनच्या टेबलावर गेली. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. तेव्हा नोव्हेंबरात रांग लागायची. एका नोव्हेंबरात यजमानांबरोबर आलेली बाई पुढच्या नोव्हेंबरात एकटी यायची, आणि तिच्या हातात पिशवी असायची.

एका ताईंची पिशवी माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. साडीच्या दुकानातली होती. आत एफडीच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी, पोस्टाची पासबुकं, एका पतसंस्थेची ठेवपावती. यजमान शिक्षक होते, पै-पै करून साठवलेलं. ताई म्हणाल्या, "ह्यांनी माझ्यासाठी खूप करून ठेवलंय हो मॅडम. पण काय काय, ते मला माहीत नाही." आम्ही पिशवी टेबलावर ओतली. दोन मोठ्या एफडी एकट्या यजमानांच्या नावावर, त्यांना नॉमिनीच नाही. जुन्या पॉलिसीवर लग्नाआधी घातलेलं सासूबाईंचं नाव तसंच, आणि सासूबाई कधीच्या गेलेल्या. पतसंस्था डबघाईला आलेली. घरचेच पैसे हातात यायला ताईंना जवळजवळ वर्ष लागलं. तोवर त्या भावाकडून उसने घेऊन राहिल्या.

तेव्हापासून मी एकच धरून चालते. निवृत्तीचं नियोजन करायचं ते दोघांपैकी जो मागे राहील त्याच्यासाठी. आपल्याकडे बहुतेक घरांत ती बायको असते. वयाने चार-पाच वर्षं लहान असते, आणि बायकांचं आयुर्मानही जास्त आहे.

मग गणित बदलतं. तुम्ही 60 चे, त्या 55 च्या. त्या 85 वर्षं जगतील असं धरा. म्हणजे पैसा 30 वर्षं पुरायला हवा. महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो. आज महिन्याला 30,000 लागत असतील तर 12 वर्षांनी 60,000, आणि 24 वर्षांनी 1,20,000. त्या वेळी त्या 79 वर्षांच्या असतील, आणि कदाचित एकट्या.

त्याच वेळी पेन्शन कमी होते. जुन्या योजनेत पूर्ण सेवा झालेल्या सरकारी कर्मचाऱ्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन 30 टक्क्यांवर येतं. निवृत्तीनंतर लवकर गेला तर काही काळ वाढीव दर मिळतो, एवढंच. कारखान्यात, कंपनीत काम केलेल्यांना पीएफबरोबर मिळणाऱ्या ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेत, विधवेला नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम, आणि मुळात ती पेन्शनच तुटपुंजी. लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, कामवाल्या बाईंचा पगार मात्र निम्मा होत नाही. 1 नोव्हेंबर 2005 ला किंवा त्यानंतर राज्य सरकारात लागलेल्यांना तर जुनी पेन्शन नव्हतीच, त्यांनी फंडाच्या, म्हणजे निवृत्तीच्या वेळी हातात येणाऱ्या एकगठ्ठा रकमेकडे फारच जपून पाहावं.

तो फंड हातात आला की बहुतेक जण सगळा नवऱ्याच्या नावावर ठेवतात. तसं करू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 2023 पासून एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. त्याच एप्रिलमध्ये दर 8.2 टक्के झाला. त्या दराने 30 लाखांवर दर तिमाहीला 61,500 रुपये खात्यात येतात. पत्नी 60 ची झाली की तिचं स्वतंत्र खातं निघतं. ते काढा, व्याज तिच्याच बचत खात्यात येऊ द्या, एटीएमचं कार्ड तिच्याच पर्समध्ये असू द्या. मात्र हे व्याज वाढत नाही, महागाई वाढते. म्हणून फंडाचा काही भाग पुढच्या वीस वर्षांसाठी वाढत राहील असाही ठेवावा लागतो. तो किती, ते तुमच्या तब्येतीवर आणि काळजावर अवलंबून आहे.

पतसंस्थांबद्दल कळकळीने सांगते. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसकट, फेब्रुवारी 2020 पासून दर ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवींना ते नाही. चेअरमन ओळखीचे आहेत, व्याज दीड टक्का जास्त आहे, म्हणून म्हातारपणाची पुंजी तिथे नेऊ नका.

आता घर. आपल्या राज्यात राहतं घर मुलाला बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. स्वस्त आहे म्हणून लोक घाई करतात. मुलं वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाही. पण मुलाची नोकरी जाते, संसार मोडतो, कर्ज होतं, आणि घर आईच्या नावावर राहिलेलं नसतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम 23 असं दिलेलं घर परत मिळवून देऊ शकतं, पण सांभाळ करण्याची अट घातलेली होती का, यावर वाद होतो. सत्तरीच्या बाईने पोटच्या मुलाविरुद्ध प्रांत कार्यालयात हेलपाटे घालायचे, हे मी पाहिलंय. पुन्हा पाहायची इच्छा नाही. घर दोघांच्या नावावर ठेवा आणि मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्तीही नाही. दोन साक्षीदार पुरतात. साक्षीदार तुमच्याहून तरुण घ्या, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. नॉमिनेशन केलंय म्हणून मृत्युपत्र टाळू नका. नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण बहुतेक वेळा मालक वारसच असतात.

शेवटचं काम या रविवारी करा. शंभर पानी वही आणा. कुठल्या बँकेत काय, पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर, पॉलिसी, लॉकरची किल्ली, कोणाला उसने दिले, कोणाचे घेतले, सगळं तिला सांगा, आणि लिहू दे तिलाच, तिच्या अक्षरात. पुढच्या नोव्हेंबरात दाखल्याला जाताना तिला बरोबर न्या, आणि बँकेतला फॉर्म तिला भरू द्या.