‘बेजार’ कुणाच्या भाषेतला?

(खानापूर इथं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषयाचं नाव जरा जड छापलंय, ‘मानसशास्त्राच्या राष्ट्रीय संघटनांचं प्रादेशिक सहकार्य’. मी सुरुवात एका नऊ वर्षांच्या मुलापासून करते.

जांबोटीच्या पुढच्या वाडीतला मुलगा. शाळेत मागं पडतो म्हणून आईनं त्याला एका मोठ्या दवाखान्यात बुद्ध्यांकाच्या चाचणीला नेलं. चाचणी घेणाऱ्या बाई शिकलेल्या होत्या, मायाळू होत्या, पण त्यांना मराठी येत नव्हतं. आणि पोराचं कन्नड आठवडी बाजारापुरतं. आई मला सांगत होती, “प्रश्न आला की ह्यो माझ्या तोंडाकडं बघायचा, आणि मी बाईंच्या.” बुद्ध्यांक सत्तरच्या खाली आला. ‘सौम्य बौद्धिक अक्षमता’ असा शेरा पडला. तो कागद दोन वर्षं शाळेच्या फायलीत राहिला, आणि दोन वर्षं वर्गात त्या पोराला कुणी प्रश्नच विचारला नाही. माझ्याकडे आला तेव्हा मी त्याच्या घरच्या बोलीत पुन्हा चाचणी घेतली. बुद्धी वयाला साजेशी होती. अडत होतं ते वाचन. अक्षरं जुळवताना त्याची दमछाक व्हायची, आणि त्यावर शिकवण्याच्या पद्धती आहेत. गेलेली दोन वर्षं मात्र परत देता येत नाहीत.

हे कन्नड-मराठीचं भांडण नाही. जतला किंवा अक्कलकोटला कन्नड बोलणाऱ्या लेकराला मराठीत तपासलं तरी हेच घडेल.

मला याचं जास्त वाईट वाटतं त्याला एक कारण आहे. आपल्या देशात दवाखान्यांतून बुद्ध्यांक मोजायला वापरली जाणारी बिने-कामत चाचणी तुमच्यापैकी शिक्षकांनी ऐकली असेल. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती बसवली, कुठं? धारवाड भागात. आणि कोणत्या भाषांत? कन्नड आणि मराठी, दोन्हींत. अळणावर ओलांडलं की धारवाड आलंच! बेळगाव आणि धारवाड तेव्हा एकाच मुंबई प्रांतात होते. पुढे १९५६ ला राज्यं भाषेवर बेतली गेली. राज्यरचनेबद्दल बोलायला मी आलेले नाही. पण जे काम त्या काळी एका माणसानं दोन्ही भाषांत एकत्र केलं, ते आज करायचं तर दोन बाजूंच्या माणसांना मुद्दाम एका टेबलाशी बसवावं लागतं.

जगात असं टेबल मांडलेलं आहे. कॅरिबियन बेटांचंच घ्या. देश चिमुकले, काही ठिकाणी मानसशास्त्रज्ञ बोटांवर मोजण्याइतके. एकेका बेटानं स्वतंत्र प्रशिक्षण, स्वतंत्र परवाना, स्वतंत्र आचारसंहिता उभी करायची म्हटलं तर जन्म जाईल. २०११ साली बहामाच्या नॅसॉ शहरात त्यांची पहिली प्रादेशिक परिषद भरली आणि २०१३ ला ग्रेनाडात राष्ट्रीय संघटनांची आघाडी स्थापन झाली. आफ्रिकेत २०१४ नंतर अशी खंडव्यापी संघटना आली. आग्नेय आशियातल्या संघटनांचाही संघ आहे.

युरोपचं काम या सगळ्यांपेक्षा जुनं. तिथला महासंघ १९८१ चा. त्यांनी पुष्कळ वर्षं एकाच प्रश्नावर घालवली: मानसशास्त्रज्ञ म्हणायचं कुणाला? उत्तर ठरलं ते असं. पाच वर्षं विद्यापीठात, वर एक वर्ष जाणत्याच्या देखरेखीखाली काम. त्यावर ‘युरोसाय’ प्रमाणपत्र मिळतं, तेही कायमचं नव्हे. सात वर्षांनी पुन्हा तपासून घ्यायचं. मला यातलं देखरेखीचं वर्ष सगळ्यांत मोलाचं वाटतं. पुस्तकातून नैराश्य शिकता येतं, पण समोरचं माणूस रडायला लागल्यावर आपण गप्प किती वेळ बसायचं, हे शेजारी बसलेलं जाणतं माणूसच शिकवतं. आणि नीतीचं म्हणाल तर २००८ साली बर्लिनमध्ये जागतिक संघटनांनी एक घोषणापत्र मान्य केलं. त्यातलं पहिलंच तत्त्व माणसांच्या आणि जनसमूहांच्या प्रतिष्ठेचा आदर राखण्याचं आहे. ‘जनसमूह’ हा शब्द तिथं आहे म्हणून मला ते जवळचं वाटतं. प्रतिष्ठेत भाषा येतेच.

आपल्याकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते; ती देशभर चालते, राज्याची सीमा तिला आडवी येत नाही. बाकीच्या मानसशास्त्रज्ञांचा विचार आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आला. तोवर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्याला ‘कुठं शिकलात?’ असं विचारणारं कुणी नव्हतं. संघटना मात्र आपल्याकडे जुन्या आहेत, पहिली १९२४ ची. त्याच साली म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. तो उभा करणारे एम. व्ही. गोपालस्वामी यांनीच १९३५ मध्ये म्हैसूरला ‘आकाशवाणी’ नावाचं खाजगी रेडिओ केंद्र काढलं, आणि ते नाव पुढं देशाच्या रेडिओनं घेतलं. मन आणि आवाज यांचं नातं त्या माणसाला कळलं होतं असं मला नेहमी वाटतं. आज १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर भाषा निवडून बोलता येतं. खेड्यातल्या बाईला दवाखान्याची पायरी चढायच्या आधी ही सोय आहे, एवढं आज घरी जाऊन जरूर सांगा.

बळ्ळारीचंही विसरू नका. १९८५ ते ९० या काळात निम्हान्सनं, म्हणजे बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं, तिथं प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि सेवकांना मानसिक आजार ओळखायला शिकवलं. १९९६ चा देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच अनुभवावर उभा राहिला. महाराष्ट्रानं तो घेतला तेव्हा कर्नाटकातून आलाय म्हणून कुणी नाकारला नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, गोवा इथल्या आम्हा लोकांनी आपल्या संघटनांमार्फत दोनच कामं एकत्र करावीत. नवीन मुलामुलींची देखरेख वाटून घ्यावी, म्हणजे निपाणीच्या मुलीला कोल्हापूरचा जाणता मिळेल आणि जतच्या मुलाला धारवाडचा. आणि चाचण्यांचे शब्द दोन्ही भाषांत, बोलल्या जाणाऱ्या भाषांत, ताडून पाहावेत.

हे दुसरं काम किती नाजूक आहे ते एका शब्दावरून सांगते. आपल्याकडची बाई ‘बेजार झालेय’ म्हणते तेव्हा ती वैतागलेली, थकलेली असते. बैलहोंगलची बाई कन्नडमध्ये ‘बेजारु’ म्हणते तेव्हा तिला कधी कंटाळा आलेला असतो, कधी वाईट वाटलेलं असतं, कधी कुणाचं बोलणं मनाला लागलेलं असतं. शब्द एकच, घरं शेजारची. प्रश्नावलीत तो तसाच उचलून घातला तर एकीची थकवा म्हणून नोंद होईल आणि दुसरीचं दुःख कंटाळा म्हणून निघून जाईल. आणि दोघींनाही ‘आपणास उदासीनता जाणवते का?’ असं विचारलं तर दोघीही ‘नाही’ म्हणतील.

मी एक वही ठेवली आहे. डावीकडं आपली बोली, उजवीकडं कन्नड. ‘जीव घाबरा होतो’, ‘काळीज धडधडतं’, ‘कशातच मन लागंना’, असं जे जे माणसं समोर बसून म्हणतात ते त्यांच्याच तोंडचं लिहून घेते. नाव-गाव लिहीत नाही. उजवा रकाना धारवाडच्या एका मैत्रिणीकडून भरून घेते. बरीच पानं अजून अर्धी आहेत. ती वही आज बरोबर आणलीय. चहा होईल तेव्हा मी तिथं दाराजवळच्या टेबलाशी बसते. तुमच्या घरात, आजीच्या तोंडी असलेला एकेक शब्द सांगून जा.