आधी टेबलापाशी, मग आवक-जावकला

नमस्कार श्रोतेहो. कार्यालयात कुणी लागट बोललं, तर आधी त्याच्याशीच बोलावं. आधी बोलणं, नंतर अर्ज. पण आमच्या हापिसातली गोष्ट ऐकल्याशिवाय ते तुम्हाला पटायचं नाही.

लेखा शाखेतले एक कारकून. शेजारच्या शाखेतले गृहस्थ त्यांना सगळ्यांदेखत 'साहेबांचा चमचा' म्हणाले. यांनी रात्री जागून दोन पानी तक्रार लिहिली, 'जाहीर मानहानी' वगैरे, आणि सकाळी आवक-जावकच्या टेबलावर ठेवली. तिथल्या बाई मुरलेल्या. अर्जाला नंबर पडला की खुलासा मागवावा लागतो, मग कुणालाच माघार घेता येत नाही, हे त्यांना पाठ. शिक्का उचलला, खाली ठेवला. म्हणाल्या, "भाऊ, पॅड सुकलंय. शाई आणायला पाठवलंय, तोवर चहा घेऊन या." पॅड चांगलं ओलं होतं, मी समोरच बसलो होतो!

कँटीनमध्ये नेमके तेच गृहस्थ. हल्ली तिथे कागदी कपात चहा देतात. कपबशी गेली आणि माणसं पाच मिनिटं एका जागी टेकायची राहिली, असं आपलं माझं मत. असो. यांनी विचारलं, "काल चारचौघांत तसं का बोललात?" ते उसळले, "आणि माझं प्रवासभत्त्याचं बिल दाबून ठेवलंय, त्याचं काय?" बिल दाबलं नव्हतं. एक तिकीट जोडलेलं नव्हतं म्हणून त्रुटीत पडलं होतं, आणि तेवढं कळवायचं राहून गेलं होतं. दुपारी तिकीट आलं, बिल सुटलं. पण यांनी हट्ट सोडला नाही: चारचौघांत बोललात, चारचौघांत मागे घ्या. गृहस्थांनी शाखेत येऊन, जरा पुटपुटतच, शब्द मागे घेतला. बाईंनी अर्ज परत दिला, बिननंबरी.

तेव्हा एकट्याला गाठा, खटकलं तेवढंच बोला. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. तरी तेच चाललं, तर तारखेनिशी अर्ज द्या आणि पोच घ्या.

लैंगिक छळ, जातिवाचक शिवीगाळ, मारहाण असेल तिथे मात्र 'आधी बोलून बघ' असं कुणी म्हणूच नये. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तक्रार लेखी, घटनेपासून ३ महिन्यांत. ३ महिन्यांत, बरं का. समेट त्या बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैशांवर तर नाहीच. समिती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावावा लागतो. उद्या कामावर गेलात की भिंतीवर शोधा. दिसला नाही तर साहेबांना विचारा, कुठे लावलाय?