हाही अलेक्झांडरच

भिंतीवर टांगलेल्या या विणलेल्या चित्रात, म्हणजे पटात (टॅपेस्ट्री), पायाशी वाकलेली ही म्हातारी बघा. ही सिसिगँबिस, इराणच्या दारियस बादशहाची आई. इसवी सनपूर्व 333. इससची लढाई हरून दारियस पळाला आणि आई, बायको, लेकरं तंबूतच मागे राहिली. जेत्यापुढे लोटांगण घालायला म्हातारी पुढे झाली खरी, पण समोर दोन तरणे योद्धे. जास्त उंच होता त्याचेच पाय तिने धरले. तो निघाला हेफेस्टिऑन, अलेक्झांडरचा जिवलग मित्र. ती शरमेने अर्धी झाली. अलेक्झांडर म्हणाला, "चुकलं नाही, आई. हाही अलेक्झांडरच."

मूळ चित्र शार्ल ल ब्रंचं, 1660-61 मधलं, फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी काढलेलं. तरुण राजाला अलेक्झांडरशी तुलना गोड वाटायची आणि ल ब्रं काही भोळा नव्हता. 1663 मध्ये तो असे पट विणणाऱ्या पॅरिसच्या गोबलँ कारखान्याचा प्रमुख झाला. अलेक्झांडरची सगळी मालिका मागावर चढली: अकरा पट, त्यात झेलमकाठचा जखमी पोरसही.

आता म्हातारीच्या गालाजवळ या. सावली वाटते ती लोकरीच्या आणि रेशमाच्या आडव्या धाग्यांची आहे. पैठणी निरखून पाहिलेल्यांना ही वीण ओळखीची वाटेल. पदरावरच्या मोरासारखाच इथेही बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, प्रत्येक रंग आपल्या जागेपुरता जातो आणि तिथूनच मागे फिरतो. पैठणीत शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवतात. इथे पुष्कळदा मधे फट राहते आणि ती नंतर सुईने शिवून घेतात.

उभ्या मागावरचा विणकर पटाच्या मागे बसतो. त्याच्यापुढे नुसती धाग्यांची लोंबती टोकं. पलीकडे म्हातारीचा चेहरा नीट उतरतोय की नाही, हे तो समोर लावलेल्या आरशात बघतो. आडव्या मागावर नमुना ताण्याखाली, म्हणजे ताणलेल्या उभ्या धाग्यांखाली, असतो आणि चित्र उलटं उतरतं. काही जुन्या पटांतले योद्धे डावखुरे दिसतात, ते यामुळेच.

सोन्यारुप्याची जर घातलेल्या पटांचं नशीब वाईट. राज्यक्रांतीनंतर तिजोरीत खडखडाट होता. 1797 मध्ये राजवाड्यांतले कितीतरी जरीचे पट जाळले आणि राखेतून धातू काढला.

जे उरले त्यांना उजेडाने गाठलं. त्या काळी हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून करत. पिवळा आधी उडतो, निळा टिकतो. म्हणून जुन्या पटांतली झाडं अशी निळसर दिसतात. सफाईसाठी पट खाली उतरवून पालथा घातला, की मागच्या बाजूला, त्या लोंबत्या टोकांमध्ये, पानं अजून हिरवी सापडतात.