नाडीचा आकडा आणि नाडीची लय

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटे ‘चार भिंती’ स्मारकावरून अजिंक्यतारा किल्ल्याकडे चढणारे बरेच सातारकर हल्ली मनगटावरच्या घड्याळात हृदयाच्या ठोक्यांचा आकडा पाहतात आणि तो १३० दिसला की काळजीत पडतात. वास्तविक चढ चढताना पायांच्या स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो, तो पोहोचवण्यासाठी हृदय भरभर रक्त ढकलते, आणि त्यामुळे ठोके वाढणे हे निरोगी हृदयाचेच काम आहे. वयाचा आकडा २२० मधून वजा केला की श्रमाच्या वेळच्या कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळतो. पन्नाशीच्या माणसासाठी तो १७० येतो. हेच १३० ठोके घरी स्वस्थ बसलेले असताना पडत असतील, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवले पाहिजे.

म्हणून आधी आपली विश्रांतीची नाडी माहीत हवी. ती सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, किंवा निदान पाच मिनिटे शांत बसून मोजावी. चहा, तंबाखू किंवा जिना चढणे यानंतर लगेच मोजू नये. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला, दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट अलगद टेकवावे. अंगठा वापरू नये, कारण त्याची स्वतःची नाडी जाणवते आणि मोजणी चुकते. तीस सेकंदांचे ठोके मोजून दुप्पट करावेत. गळ्याशी नाडी पाहायची झाल्यास एकाच बाजूला हलकेच पाहावी. दोन्ही बाजू एकदम दाबल्यास भोवळ येऊ शकते.

प्रौढांमध्ये विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके सर्वसाधारण मानले जातात. नियमित धावणाऱ्याची किंवा तालमीत घाम गाळणाऱ्या पैलवानाची नाडी ५० च्या आसपास असू शकते, कारण त्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते. ताप, रक्तक्षय, थायरॉईडचा अतिरेक आणि शरीरातले पाणी कमी होणे यांनी नाडी वाढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ती कमी होते, आणि तेवढ्यावरून गोळी परस्पर बंद करू नये.

आकड्याइतकेच, किंबहुना माझ्या मते त्याहून अधिक, लक्ष लयीकडे द्यावे, आणि नेमके तेच आपल्याकडे राहून जाते. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, विशेषतः तरुणांमध्ये. तो दोष नव्हे. एखादा ठोका क्वचित चुकल्यासारखा वाटणेही बहुधा निरुपद्रवी असते. परंतु ठोक्यांमधले अंतर सतत वेडेवाकडे, कोणताही क्रम नसलेले वाटत असेल, तर हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी तिथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. साठी ओलांडलेल्या आईवडिलांची नाडी घरच्यांनी अधूनमधून पाहावी, असे मी आग्रहाने सांगते ते यासाठीच.

अशा अनियमित नाडीत पूर्ण एक मिनिट मोजावे लागते. शिवाय हृदयाचे काही अशक्त ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे बोटावरच्या यंत्राने ८० दाखवले, तरी छातीतले ठोके त्याहून बरेच जास्त असू शकतात. खरी गती ईसीजीच्या पट्टीवर कळते. नाडी बिघडल्याबरोबर छातीत दुखणे, दम लागणे किंवा शुद्ध हरपणे असे काही घडल्यास पुन्हा मोजत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.