वॉटसन कुटुंबाची गोष्ट आपल्या घरात वाचायला हवी

नमस्कार मंडळी.

मुलांनी काय वाचावं यावर बोल, असं आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने मला सांगितलं. यादी वाचून दाखवण्यापेक्षा मी एकाच पुस्तकाबद्दल बोलते. ख्रिस्तोफर पॉल कर्टिस यांची ‘द वॉटसन्स गो टु बर्मिंगहॅम – १९६३’ ही कादंबरी. १९९५ साली आली, पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मुलांच्या दप्तरात ती कधी ना कधी येऊन गेली असेल. ती आईबाबांनीही वाचावी, हे सांगायला मी उभी आहे.

गोष्ट एका काळ्या कुटुंबाची, मिशिगनमधल्या फ्लिंट शहरातली, म्हणजे इथून तासाभराच्या वाटेवरची. कर्टिस स्वतः फ्लिंटचेच. तिथल्या कारखान्यात १३ वर्षं त्यांनी गाड्यांना दारं बसवली आणि कामाच्या मधल्या वेळात लिहायचा सराव केला. गोष्ट सांगणारा केनी दहा वर्षांचा. मोठा भाऊ बायरन तेरा वर्षांचा, वाह्यात म्हणावा असा. धाकटी जोएटा. आई अलाबामाची, तिला मिशिगनची थंडी अजिबात सोसत नाही, आणि त्यावरून नवऱ्याला ऐकवायची एक संधी ती सोडत नाही. हे संवाद आपल्या किती घरांत झालेत, तुम्हीच आठवा.

कडाक्याच्या थंडीत बायरन गाडीच्या आरशात स्वतःचंच रूप बघून भाळतो, आरशाचा मुका घेतो आणि ओठ तिथेच चिकटतात. गरम पाणी ओतून उपयोग होत नाही, शेवटी आई त्याचं डोकं धरून हिसका देते. आमच्या मराठी शाळेच्या मोठ्या गटात आम्ही हे पुस्तक घेतलं होतं, वाचायचं इंग्रजीत आणि बोलायचं मराठीत. या प्रसंगाला मुलं इतकी हसली की शेजारच्या वर्गातून शिक्षिका बघायला आल्या.

पुस्तकाचा मोठा भाग असाच आहे: भांडणं, खोड्या, काड्या ओढून खेळणारा बायरन आणि त्याला शिक्षा होऊ नये म्हणून आईच्या हातातली पेटती काडी फुंकर मारून विझवणारी जोएटा. बायरन हाताबाहेर जातोय म्हणून आईबाबा त्याला आजीकडे, अलाबामातल्या बर्मिंगहॅमला ठेवायचं ठरवतात. आई वहीत सगळा हिशेब मांडते, कुठे थांबायचं, कुठे जेवायचं, किती खर्च येईल. मुलांना ही आईची हौस वाटते. पण १९६३ साली दक्षिणेत काळ्या कुटुंबाला वाटेत खोली मिळेल, स्वच्छतागृह वापरू देतील, याची खात्री नव्हती. कुठे थांबता येईल हे सांगणारी ‘ग्रीन बुक’ नावाची मार्गदर्शिका १९३६ पासून खास त्यासाठीच निघत होती. कर्टिस यावर व्याख्यान देत नाहीत. ते वही दाखवतात आणि पुढे जातात.

निघण्याआधी शेजारच्या बाई जोएटाला एक छोटीशी देवदूताची मूर्ती देतात, अगदी तुझ्यासारखी आहे म्हणून. जोएटाला ती आवडत नाही. मूर्ती गोरी आहे, ती माझ्यासारखी कुठे आहे, एवढंच तिचं म्हणणं. आमच्या गटातल्या एका मुलीने हा परिच्छेद मागून घेऊन पुन्हा मोठ्याने वाचला. का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आणि मग १५ सप्टेंबर १९६३. बर्मिंगहॅममधल्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये, काळ्या लोकांच्या प्रार्थनास्थळात, रविवारी सकाळी बॉम्ब फुटला. चार मुली गेल्या: ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या, आणि डेनिस मॅकनेअर अकरा वर्षांची. त्याच वर्षी मे महिन्यात या शहरातली काळी शाळकरी मुलं वर्णभेदाविरुद्ध मोर्चा घेऊन रस्त्यावर आली होती आणि त्यांच्यावर कुत्रे नि पाण्याचे बंब सोडले गेले होते. कादंबरीत जोएटा त्या चर्चमध्ये गेलेली असते. पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगते की तोवर वाचणाऱ्याला ते घर आपलं झालेलं असतं, म्हणून तो स्फोट इतिहासाच्या पुस्तकातला राहत नाही.

आता आपल्याबद्दल. आपल्या मेळाव्यांत आपण अमेरिकेत कसे आलो ते सांगतो तेव्हा शिक्षण येतं, कष्ट येतात, दोन सुटकेस येतात. ते खरंच आहे. पण अमेरिकेच्या १९४६ च्या कायद्याने इथे स्थायिक व्हायला भारताच्या वाट्याला वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा ठेवला होता. तो मोडला ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने. त्याच काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दोनच महिने आधी काळ्या नागरिकांच्या मतदानाचा हक्क राखणारा कायदा केला होता. वंशावरून माणसाला दाराबाहेर ठेवणं चूक आहे, हे या देशाला ज्यांनी रस्त्यावर उतरून मान्य करायला लावलं, त्यांच्यामागून आपण त्या दारातून आत आलो. आपल्या मुलांना हे आपण सांगत नाही, आणि मला ते फार लागतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना हे नातं दिसलं होतं. आपण तर इथेच राहतो.

पालकांना एक विनंती. मूल नऊ-दहा वर्षांचं असेल तर शेवटची प्रकरणं त्याच्यासोबत वाचा. केनी सोफ्यामागे जाऊन लपतो तिथे घाई करून समजावू नका, बायरनला ते काम करू द्या, तो ते उत्तम करतो. नंतर मुलं विचारतीलच, चर्चमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्या त्या माणसांना पकडलं का? खरं ते सांगा. पहिल्याला १९७७ मध्ये दोषी ठरवलं, दुसऱ्याला २००१ मध्ये, तिसऱ्याला २००२ मध्ये, आणि चौथा संशयित खटला न होताच मरण पावला. इतकी वर्षं का लागली, हा त्यांचा पुढचा प्रश्न असेल. तेव्हा विषय बदलू नका.